लक्ष्मीबाईंची मंडळी

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे इंग्रजीत एकाहून अधिक अनुवाद झाले आहेत. १९५० साली ई. जोसेफिन इंक्स्टर यांनी केलेल्या अनुवादाचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’. २०१७ साली आलेल्या शांता गोखले यांच्या अनुवादाचे उपशीर्षक ‘द मेम्वार्स ऑफ अ स्पिरिटेड वाइफ’. पहिल्या नावातले शब्द बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आहेत. तिथे मागे जायचे ते ख्रिस्ताच्या. पण संदर्भ ठाऊक नसलेला वाचक ती बाई नवऱ्याच्या मागे चालली आहे असेच समजणार. दुसरे नाव तर तिला सरळ पत्नी म्हणून समोर आणते. मूळ मराठी नावात नवराही नाही आणि पत्नीही नाही. माझी तक्रार अनुवादांच्या गुणवत्तेविषयी नाही. ही नावे आपल्या वाचनाची सवय उघड करतात आणि ती सवय मराठी वाचकालाही तितकीच आहे. आपण ‘स्मृतिचित्रे’ एका कवीच्या सोशिक, विनोदी बायकोचे पुस्तक म्हणून वाचतो.

मीही ते तसेच वाचत आलो. शाळेच्या पुस्तकातल्या उताऱ्यातून ओळख झाली, तेव्हा हसू आले ते नारायण वामन टिळकांच्या तऱ्हेवाईकपणाचे. पुढे वाचले तेव्हा मन गुंतले ते धर्मांतराच्या नाट्यात. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या, काही काळ पंढरपुरात. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परतल्या आणि १९०० साली स्वतःही ख्रिस्ती झाल्या. इथे गोष्ट संपली असे समजून पुढची पाने मी भराभर उलटली होती. अलीकडे पुन्हा वाचताना लक्षात आले की पुस्तकाचे खरे काम त्या पानांत आहे.

त्यासाठी मराठीतला एक शब्द उपयोगी पडतो: मंडळी. जुन्या वळणाचा नवरा ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ म्हणे, तेव्हा मंडळी म्हणजे बायको. ‘घरची मंडळी’ म्हणजे कुटुंब. आणि मराठी ख्रिस्ती लोकांच्या बोलीत मंडळी म्हणजे चर्च. इमारत नव्हे, तिथे एकत्र येणारी माणसे. लक्ष्मीबाईंचे सदुसष्ट वर्षांचे आयुष्य या तिन्ही अर्थांतून गेले. अकराव्या वर्षी त्या पहिल्या अर्थाने मंडळी झाल्या. तिसऱ्या अर्थाच्या मंडळीत त्या आल्या, तेव्हा दुसरा अर्थ मागे टाकून आल्या नाहीत. तो रुंद करून आल्या.

पुस्तकाची सुरुवात त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याने होते. १८५७च्या धामधुमीत घरावर आलेल्या संकटानंतर त्यांना शुद्धतेचे वेड लागले होते. बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाई आणि त्या धुण्यात घरच्या बायकामुलांचे आयुष्य भिजून जाई. ही चित्रे गमतीची म्हणून प्रसिद्ध आहेत. पण पुढचे पुस्तक या घराला दिलेले उत्तर आहे. नवऱ्याकडे परतल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले सोवळे सांभाळले. ते सुटले तेव्हा कारण बाप्तिस्मा नव्हते. जातिभेद देवाने केला की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला आणि मग कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा नंतरचा. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या लेखी श्रद्धा आधी घागरीपाशी आणि चुलीपाशी सिद्ध व्हावी लागते. प्रार्थनामंदिरात तिची फक्त नोंद होते.

म्हणूनच ख्रिस्ती चरित्रवाङ्मयाची सवय असलेल्या वाचकाला ‘स्मृतिचित्रे’त काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. साक्षात्काराचा क्षण इथे लांबत नाही, सिद्धान्तांची चर्चा जवळजवळ नाही. त्याऐवजी अहमदनगरचे घर आहे, त्यात येऊन राहणारी परकी मुले आहेत, प्लेगच्या दिवसांतली शुश्रूषा आहे, आणि पैसा हाती आला की वाटून टाकणाऱ्या नवऱ्याचा संसार महिन्याच्या अखेरीपर्यंत ओढत नेण्याची कसरत आहे. देवदत्त हा पोटचा मुलगा, पण घर कधीच तिघांचे नव्हते.

अशा बायकांविषयी आपल्याकडे लिहिण्याची एक ठरावीक भाषा आहे. धर्मशील, सेवाभावी, कुटुंबवत्सल, इतरांसाठी चंदनासारख्या झिजलेल्या. मृत्युलेखांत आणि गौरवग्रंथांत ही विशेषणे इतकी वापरली जातात की त्यांमागची बाई दिसेनाशी होते. देवळात जाणारी असो की चर्चमध्ये जाणारी, भाषा तीच. झिजण्याचे कौतुक करताना कोणी झिजवले हा प्रश्न टाळता येतो, हा त्या भाषेचा फायदा. लक्ष्मीबाई तो प्रश्न टाळत नाहीत. न सांगता निघून जाणारा, रागाच्या भरात घर डोक्यावर घेणारा नवरा त्या लपवत नाहीत. त्याच्यावरचे प्रेमही लपवत नाहीत. स्वतःचा हट्ट, भित्रेपणा, जातीचा अहंकारही पानावर ठेवतात.

हे साधते कसे, याचे एक उत्तर व्याकरणात आहे. नवऱ्याचा उल्लेख त्या आडनावाने करतात, पण क्रियापद आदरार्थी बहुवचनात येते. त्यामुळे टिळकांची फजिती सांगतानाही वाक्य वाकून नमस्कार करत असते. हसणे आणि मान एकाच क्रियापदात. इंग्रजीत हे बहुवचन गळून पडते. उरते ती एक तर थट्टा, नाहीतर भक्ती. हिंदीत मात्र ते सहज टिकावे. भारतीय भाषांतून हे पुस्तक वाचणाऱ्यांनी ही एक खूण जरूर तपासून पाहावी.

पुस्तकाच्या मर्यादाही याच चुलीपाशी आहेत. अहमदनगर भागातले बहुसंख्य ख्रिस्ती पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतले. त्यांच्यासाठी धर्मांतराचा अर्थ वेगळा होता, त्याची किंमत वेगळी होती. लक्ष्मीबाईंच्या घरात ही माणसे येतात, जेवतात, लहानाची मोठी होतात. पण आपण त्यांना बहुतेक वेळा घरधनिणीच्या नजरेनेच पाहतो. एका ब्राह्मण बाईने सोवळे सोडले ही घटना मोठी खरी. ज्यांच्यापासून सोवळे पाळले जात होते त्यांची स्मृतिचित्रे मात्र या पुस्तकात नाहीत. ती इथे मागणे अन्यायाचे होईल. पण हे पुस्तक मराठी ख्रिस्ती जीवनाचा एकमेव दस्तऐवज म्हणून वापरणाऱ्या आपणा समीक्षकांना हा प्रश्न विचारायलाच हवा.

मागे चालण्याविषयी आणखी एक गोष्ट. ‘स्मृतिचित्रे’ लिहायला घेतली गेली ती टिळकांच्या चरित्राची सामग्री म्हणून. पण टिळक १९१९ साली गेले आणि पुस्तक तिथे थांबले नाही. ते मुंबईला, पुढे मुलाबरोबर कराचीला गेले. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे चार भाग निघाले. तसेच ‘ख्रिस्तायना’चे. टिळकांच्या हातून या काव्याचे दहाएक अध्याय झाले होते. ज्यांना शाळा मिळाली नाही, ज्यांचे अक्षरशिक्षण नवऱ्याच्या लहरीप्रमाणे कधी चालले कधी बंद पडले, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. पुस्तक निघाले त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ साली.

दहाच्या पुढे चौसष्ट अध्याय लिहिणाऱ्या बाईला अनुयायी म्हणणे मला जड जाते. पत्नी त्या होत्या, आणि ते त्यांनी कुठे नाकारले नाही. पण पुढच्या अनुवादकाला उपशीर्षक हवेच असेल, तर त्याने आपल्या भाषेत ‘मंडळी’साठी शब्द शोधावा. बायको, घर आणि चर्च या तिन्हींना पुरेल असा शब्द बहुधा सापडणार नाही. तेव्हा लक्ष्मीबाईंप्रमाणे नुसते ‘स्मृतिचित्रे’ म्हणावे आणि पुस्तक उघडावे.