सुटी आणि जाते

उन्हाळ्याच्या सुटीची वर्णने मराठी वाङ्मयात विपुल आहेत. परंतु ती बहुतेक मुलाच्या दृष्टीने लिहिलेली आहेत. आजोळ, आंबे, विहिरीतील पोहणे आणि अंगणात निजून मोजलेल्या चांदण्या ही त्यांची ठरलेली सामग्री होय. मूल सुटीवर आले की घरातील बाईचे काम दुणावते, ही गोष्ट त्यांतून सहसा निसटते. या दृष्टीने साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील ‘अर्धनारी नटेश्वर’ हे प्रकरण पुन्हा वाचण्याजोगे आहे.

दापोलीस इंग्रजी शाळेत शिकणारा श्याम सुटीत घरी येतो. आईची प्रकृती खालावलेली, घरात दारिद्र्य आलेले. मुलगा तिच्या कामास हात लावतो, तिच्याबरोबर दळावयास बसतो. बायका त्याची थट्टा करतात. पुरुषाने स्त्रीचे आणि स्त्रीने पुरुषाचे गुण घ्यावेत, असा बोध गुरुजी यातून काढतात. बोध उत्तम आहे. पण प्रसंग बोधाहून मोठा आहे. गुरुजींच्या लेखनावर भावविवशतेचा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि काही ठिकाणी तो खराही आहे. येथे मात्र भावनेला जात्याच्या पाळीचे वजन लाभले आहे. प्रेम आहे असे नुसते सांगून येथे भागत नाही. खुंट्याला हात घालावा लागतो. म्हणून हे प्रकरण अश्रूंत विरघळत नाही.

याच गुरुजींनी पुढे ‘स्त्री जीवन’ या ग्रंथात बायकांच्या ओव्या संग्रहित केल्या. ओवी दुरून ऐकणारा आणि दळता दळता ती ऐकणारा, यांच्या ऐकण्यात अंतर असते. दुसऱ्याला तिच्यातील विसाव्याची जागा कळते, कारण त्या जागी त्याचाही हात दमलेला असतो. आमच्या मराठवाड्यात ना. गो. नांदापूरकरांनी ‘मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा’ सिद्ध करून या मौखिक धनाची थोरवी दाखविलीच आहे.

परंतु येथेच एक सोयीस्कर सिद्धांत डोके वर काढतो. घरकामातच बाईचे काव्य फुलते, मग तिला निराळी सवड कशाला, असे म्हणणारे रसिक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. बहिणाबाई चौधरींचे नाव ते हटकून घेतात. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी टिपून घेतली म्हणून उरली, आणि १९५१ साली त्या निवर्तल्यावर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. म्हणजे जात्याने गाणे दिले हे खरे. पण त्याला वही मिळाली ती मुलामुळे. ज्या घरांत टिपून घेणारे कोणी नव्हते, त्या घरांतील गाण्यांचा हिशेब हा सिद्धांत कसा देणार? जात्याची स्तुती करणाऱ्यास दळावे लागत नाही. म्हणून ती स्तुती त्यास स्वस्त पडते.

उलट बाजूचा दाखला लक्ष्मीबाई टिळकांचा. त्यांचा जन्म १८६८ चा. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग ग्रंथरूपाने आला तो १९३४ साली. मराठी गद्याचा हा अलंकार साठी उलटलेल्या बाईच्या हातून घडला. संसाराने तिला विषय दिला, पण सवड किती उशिरा दिली! साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बहुतांश भाग १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिला. मुलाला जी सवड तुरुंगात मिळाली, ती आईला घरात कधी मिळाली नाही. त्या पुस्तकाचे मोठेपण याने उणे होत नाही. मात्र त्याच्या मुळाशी असलेले ऋण स्पष्ट होते.

आज छत्रपती संभाजीनगरात मे महिना लागला की मुलांसाठी चित्रांचे, नाट्याचे, लेखनाचे वर्ग भरतात. ते अवश्य भरावेत. तथापि निर्मिती ही घराबाहेर शुल्क देऊन शिकावयाची वस्तू आणि घरातील काम ही तिची अडचण, अशी समजूत मुलाच्या मनात रुजली तर ती घातक होय. तिच्या जोडीने आईला मात्र वर्गाला ने-आण करण्याचे आणखी एक काम लागते.

श्यामच्या सुटीचे खरे मर्म असे की, त्याने आईचे ओझे थोडे उचलले आणि त्या थोड्यातून त्याला तिची वाणी मिळाली. आजच्या घरात जाते नाही. पण भांडी आहेत, कपडे आहेत, वृद्धांची शुश्रूषा आहे. मुलाने आणि त्याच्या वडिलांनी ही कामे वाटून घ्यावीत. त्यातून मोकळी झालेली घटका आईने कवितेला द्यावी की नुसती झोपण्याला, हे तिचे तिने ठरवावे. तेवढा अधिकार तिला मिळाला, तर तिची वाणी जगापुढे येण्यास तिला मुलाच्या आठवणींवर विसंबावे लागणार नाही.