पॅट्रिक हेन्री : वर्टकृत चरित्र

नायकाविषयीं चरित्रकाराच्या मनांत भक्ति असली तर आमची तक्रार नाहीं. परंतु नायकाच्या तोंडचे शब्द चरित्रकारानेंच जुळवावे काय, हा प्रश्न विल्यम वर्ट यानें १८१७ सालीं प्रसिद्ध केलेलें पॅट्रिक हेन्रीचें चरित्र वाचतांना आम्हांस पदोपदीं पडला.

हेन्री हा व्हर्जिनियांतील वकील. दुकान बुडालें, शेतीही साधली नाहीं, तेव्हां तो कायद्याकडे वळला. १७६३ सालीं पाद्र्यांच्या वेतनाच्या खटल्यांत त्यानें राजाच्या अधिकारावरच असा हल्ला चढविला कीं, ज्यूरीनें फिर्यादीस भरपाई म्हणून अवघी एक पेनी देवविली! न्यायासनावर हेन्रीचा बापच होता. त्याच्या डोळ्यांतील आनंदाश्रु वर्टनें मोठ्या हौसेनें रंगविले आहेत. १७७५ च्या मे महिन्यांत, गव्हर्नरानें विल्यम्सबर्गच्या कोठारांतून हलविलेल्या बंदुकीच्या दारूची किंमत मागण्यास हाच वकील हॅनोव्हरची शिबंदी घेऊन निघाला व ३३० पौंड वसूल करूनच परतला. येथवर ठीक.

खरी अडचण २३ मार्च १७७५ रोजीं रिचमंडच्या चर्चमध्यें झालेल्या भाषणाची. त्याची त्या वेळची प्रत नाहीं. हेन्री १७९९ त वारला. वर्टनें त्यास कधीं पाहिलेंही नव्हतें. सेंट जॉर्ज टकरसारख्या वृद्ध श्रोत्यांच्या आठवणींवरून त्यानें भाषण उभें केलें. आरंभीं ‘तो म्हणाला’ अशा धर्तीनें चालणारें निवेदन मध्येंच प्रथमपुरुषीं होतें, आणि वाचक तेथेंच फसतो. आम्ही वर्टला लबाड म्हणत नाहीं. सभेवर झालेला परिणाम त्यानें इमानानें टिपला असेल. पण तीं घडीव वाक्यें हेन्रीचीं किती आणि वर्टचीं किती? १७८८ सालीं व्हर्जिनियाच्या परिषदेंत हेन्री नव्या राज्यघटनेविरुद्ध बोलला, तेव्हां लघुलेखक हजर होता. तीं भाषणें पसरट आहेत, पुनरुक्तींनीं भरलेलीं आहेत. पण जिवंत माणसाचीं वाटतात.

हेन्रीच्या स्वतःच्या हातचें १७७३ चें एक पत्रही आहे. रॉबर्ट प्लेझंट्स या क्वेकर गृहस्थास तो लिहितो कीं, आपण गुलाम बाळगतों, त्यांच्यावांचून राहणें गैरसोयीचें होतें, आणि याचें समर्थन आपल्याच्यानें होत नाहीं. दास्याच्या बेड्यांवर गाजलेलें भाषण संशयित, आणि ही कबुली मात्र अस्सल! आम्हांस तिच्यांतला हेन्री अधिक ओळखीचा वाटला.

पुढें १८९१ सालीं हेन्रीच्या नातवानें आजोबांचें त्रिखंडात्मक चरित्र पत्रांसह छापलें. या नातवाचें नांव विल्यम वर्ट हेन्री. घराण्यानें चरित्रकाराचें ऋण असें फेडलेलें दिसतें.