दशावतार : जत्रेतील आणि महोत्सवातील

दक्षिण कोकणातील दशावताराची चर्चा करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा आख्यानाकडे लागते. पूर्वरंगाची, म्हणजे ‘आड दशावतारा’ची, एक रूढ उपचार म्हणून बोळवण केली जाते. नागर महोत्सवांचे संयोजकही अनेकदा हीच दृष्टी स्वीकारतात. वेळ दीड-दोन तासांचा. तेव्हा गणपती, ऋद्धि-सिद्धि, सरस्वती आणि वेद पळविणारा संकासुर ह्यांना रजा देऊन थेट आख्यानास आरंभ होतो. ही काटछाट निरुपद्रवी मानावयाची काय?

जत्रेतील क्रम ध्यानी घ्यावा. पालखीची देवळाभोवती प्रदक्षिणा झाल्यावर रात्री खेळ उभा राहतो आणि पहाटे दहीकाल्याने त्याची सांगता होते. आख्यानाला रूढ अर्थाने लिखित संहिता नसते. संवाद नट आयत्या वेळी रचतात. अशा नाट्यात प्रेक्षकांशी जुळलेली ओळख हेच अर्धे भांडवल होय, आणि ती ओळख प्रथम जुळवितो तो काळ्या वेषातील संकासुर. मालवणी बोलीतील त्याच्या थट्टामस्करीने पुराणातील असुर गावचा होतो. त्याला वगळले की उरते ते केवळ पौराणिक नाटक.

दशावताराने विजेचे दिवे स्वीकारले, ‘ट्रिकसीन’ही स्वीकारले, तेव्हा बदल हा मुळातच त्याज्य नव्हे. परंतु ते बदल जत्रेतील प्रेक्षकांसमोर पारखले गेले. हा बदल घड्याळाने केलेला आहे. महोत्सवास वेळ थोडा असेल, तर आख्यान आखडावे, संकासुर राखावा.