'कोपनहेगन'मधला फोटॉन

मायकेल फ्रेनचं 'कोपनहेगन' मला आवडतं, हे आधीच सांगून टाकतो. तीनच पात्रं: नील्स बोर, त्याची बायको मार्ग्रेथ आणि वेर्नर हायझेनबर्ग. तिघंही मृत्यूनंतर बोलतायत. सप्टेंबर १९४१ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या कोपनहेगनला हायझेनबर्ग आपल्या गुरूला भेटायला का आला होता, हा एकच प्रश्न ती पुन्हा पुन्हा उकरतात. १९९८ साली लंडनला आलेलं हे नाटक नुसतं वाचतानाही खाली ठेववत नाही. माझी तक्रार आहे ती त्यातल्या फोटॉनबद्दल.

नाटकातला हायझेनबर्ग एक दृष्टान्त देतो. बोर म्हणजे अंधाऱ्या शहरात भटकणारा इलेक्ट्रॉन, आणि आपण त्याला शोधायला निघालेला फोटॉन. दोघांची धडक होते आणि वाटा बदलतात. ऐकणाऱ्याला झटकन पटतं: बघायला गेलं की बघायची गोष्टच बिघडते. अनिश्चिततेचं तत्त्व म्हणून आपल्याकडच्या लेखांत, भाषणांतही हेच फिरत असतं.

आता फट बघा. लाल लेझर पॉइंटर, तरंगलांबी साधारण ६५० नॅनोमीटर. समोर ०.१ मिलिमीटरची उभी फट, तिच्यापासून ३ मीटरवर भिंत. बारीक रेघ पडेल असं वाटतं, पण मधलाच उजेड जवळजवळ ४ सेंटिमीटर आडवा पसरतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना फिकट होत जाणारे तुकडे. फट निम्मी केली की पसारा दुप्पट. फोटॉनला डावी-उजवीकडे जागा जितकी कमी, तितका त्याचा आडवा संवेग पसरट. दोन्हींचा गुणाकार प्लांकच्या स्थिरांकाच्या घरात. (हे 'घरात' पाठ्यपुस्तकं फार सफाईनं वापरतात. धारदार कडांच्या फटीसाठी आडव्या संवेगाचं प्रमाण विचलन काढायला गेलात तर ते अनंत येतं! मग मधल्या पट्ट्याची रुंदी धरून वेळ मारून नेतात.)

इथे कोण कुणाला धडकलं? फोटॉनकडे कुणी बघतही नव्हतं. फोटॉनच एकमेकांना ढकलत असतील म्हणावं, तर जी. आय. टेलरनं १९०९ सालीच प्रकाश अतिशय मंद करून सुईच्या सावलीचे फोटो काढले. त्यातल्या एकाला सुमारे २००० तास लागले, तरी सावलीच्या कडेचे पट्टे तसेच स्पष्ट आले. रूढ अर्थानुसार, फटीतून निघालेल्या फोटॉनपाशी एकच ठाम आडवा संवेग असतो आणि तो आपल्याला कळत नाही, असं नाही. तसा एकच संवेग त्याच्यापाशी नसतोच.

धडकेचं चित्र हायझेनबर्गच्याच १९२७ च्या निबंधातलं आहे, हे खरं. त्यातल्या सूक्ष्मदर्शकाच्या उदाहरणातली चूक बोरनं दाखवली, आणि छपाईच्या वेळी हायझेनबर्गनं तशी पुरवणी जोडली. शिकागोतल्या व्याख्यानांवरून झालेल्या १९३० च्या पुस्तकात तर त्यानं स्वतःच फटीचं उदाहरण दिलं. फ्रेनही भोळा नाही. ही कल्पना मूळची नेमकी होती, वापरून वापरून झिजली, हे तो नाटकाच्या शेवटटिपणीत मान्य करतो. पण रंगमंचावर टिपणी कोण वाचणार?

मला हे टोचतं ते पुढच्या कारणानं. हायझेनबर्ग हिटलरसाठी बॉम्ब करू पाहत होता का, हा फोटॉनचा प्रश्न नाही. त्याचं उत्तर कागदपत्रांनी बदलू शकतं. बदललंही. नाटकानं उठवलेल्या वादामुळे बोरच्या न पाठवलेल्या पत्रांचे मसुदे फेब्रुवारी २००२ मध्ये खुले झाले. बोरची आठवण त्यांत ठाम आहे: जर्मनी जिंकणार अशी हायझेनबर्गला खात्री होती, आणि अण्वस्त्रांचं काम त्याच्या हाताखाली जोरात चालू आहे असा बोरचा समज झाला. बोर चुकत असेल, आठवणी चुकतात. पण ती चूक शोधता येते, दुसऱ्या कागदाशी ताडून पाहता येते. तिला निसर्गनियमाचं पांघरूण घातलं की हायझेनबर्गला फुकटची सवलत मिळते.

नाटकात ही सवलत नाकारणारं एकच माणूस आहे, मार्ग्रेथ. तू इथे स्वतःची ऐट दाखवायला आला होतास, असं ती त्याच्या तोंडावर म्हणते. पुढच्या वेळी पुस्तक उघडेन तेव्हा मी तिचेच संवाद आधी काढणार आहे.