शेंगा चटणीचं ताट आणि समोर बसलेला मित्र

सोलापुरातल्या लिंगायत खानावळीत ताट समोर आलं की नजर आधी भाजीच्या वाटीकडे वळते. ती तिथून काढून डावीकडे न्यावी. इतरत्र तोंडीलावणं म्हणून चिमूटभर वाढली जाणारी चटणी इथे ताटाचा कणा असते. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं आणि मीठ एवढाच तिचा ऐवज. सगळी करामत कुटण्यात आहे. मिक्सरच्या पात्यानं दाणा चिरला जातो, मुसळाखाली तो चिरडला जातो आणि त्याचं तेल सुटून लसणाला, तिखटाला धरून ठेवतं. म्हणून चांगली शेंगा चटणी भुकटीसारखी सांडत नाही. तिचं लालसर ढेकूळ दोन बोटांत दाबलं तर बोटांवर तेलाची झाक उरते.

बाळीवेस भागातल्या अशाच एका जुन्या खानावळीत मी आणि माझा एक मित्र कॉलेजपासून जेवत आलो आहोत. तो पद्मशाली, घरची भाषा तेलुगू. वाढणारे काका आत चुलीकडे आवाज देतात तो कानडीत. आमचे वाद मात्र मराठीत चालतात. सोलापुरात याचं कुणालाच नवल नाही, आणि ताटातही तेच नांदतं: अंबाडीच्या आंबट भाजीला इथे पुंडीपल्ल्या म्हणतात, तिच्याशेजारी दाण्याचं कूट भरलेली वांगी, पलीकडे आमटी आणि दही.

पण या ताटाची लय ठरवते ती भाकरी. ज्वारी रब्बीची. पावसाळा सरता सरता पेरलेली, पुढे काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर वाढलेली. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण याच जिल्ह्यातला, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. या दाण्याला स्वतःची गोडी आहे. चटणीचा झणका जिभेवर चढतो न चढतो तोच भाकरीची ही गोडी त्याला आवरते, मागून दही येतं. तिखट, गोड, आंबट अशा क्रमानं घास उलगडत जातो आणि तिखटाचा त्रास न होता चव तेवढी मागे राहते.

त्यातही कडक भाकरीची गोष्ट वेगळी. पातळ थापून, भाजून, अंगातलं पाणी पार जाईपर्यंत वाळवलेली ही भाकरी महिनाभरही टिकते. तिचा लचका तोडता येत नाही. ती मोडावी लागते, कडकड आवाज होतो, मग तुकडे आमटीत टाकून मऊ होईपर्यंत थांबायचं. माझ्या मते या जेवणाचं सगळं मर्म त्या थांबण्यात आहे. हात रिकामा असतो, घाई करून उपयोग नसतो, आणि समोर माणूस बसलेला असतो. वडिलांचे टॉवेलचे माग विकावे लागले हे मित्रानं मला अशाच एका दुपारी सांगितलं. घरी चार वेळा भेटूनही तो त्याबद्दल बोलला नव्हता. आमटीत भाकरी चुरता चुरता, मान वर न करता तो बोलत राहिला. मी काय बोलावं ते सुचत नव्हतं, तेव्हा त्यानंच चटणीवर तेलाची धार धरली आणि माझ्या ताटात सारत म्हणाला, "घे की बे, गार होतंय." चटणी कधीच गरम नसते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

कापडगिरण्या चालू होत्या तेव्हा पाळीवरून सुटलेले, घरापासून लांब राहणारे कामगार या शहरात पोट भरायचे ते खानावळींतच. त्या जेवणातला साधेपणा अजून टिकून आहे. अलीकडे काही ठिकाणी ताटात पनीरची भाजी येऊ लागली आहे. ती मला खटकते. तिची दाट गोडसर ग्रेव्ही चटणीचा आवाज दाबते आणि भाकरीला कामच उरत नाही.

सोलापूरला आलात तर शेंगा चटणी पुड्यात बांधून नेण्याआधी एकदा खानावळीत बसून जेवा. भाकरी कडकच मागा, तेल वरून घ्या, आणि ज्याच्याशी बरेच दिवस नीट बोलणं झालेलं नाही अशा मित्राला सोबत न्या.