यादीत ६४, हातात २१

रिसर्च प्रपोजलमध्ये ‘मटेरियल्स’खाली एक वाक्य हमखास सापडतं: सेल लाइन रिपॉझिटरीकडून उपलब्ध आहे. मीही ते लिहिलंय. पण ‘उपलब्ध’ म्हणजे नेमकं काय, हे कळायला अमेरिकेतली एक जुनी यादी बघायला हवी. स्टेम सेल क्षेत्रातल्या धोरणांवर इतकं लिहून आलंय, तरी या यादीकडे मला वाटतं आपण चुकीच्या बाजूनं बघतो.

९ ऑगस्ट २००१ रोजी अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी जाहीर केलं, की मानवी भ्रूणापासून त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या स्टेम सेल लाइन्सवरच केंद्र सरकारचा पैसा खर्च होईल. अशा साठाहून जास्त लाइन्स जगात आहेत, असं त्यांनी सांगितलं. २७ ऑगस्टला एनआयएचने यादी दिली: १० संस्था, ६४ लाइन्स. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या एकट्या १९. आपल्याकडच्या १०, म्हणजे मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या ७ आणि बंगळुरूच्या एनसीबीएसच्या ३. पुढे आकडा ७८ वर गेला. संशोधकांच्या हातात प्रत्यक्ष पडल्या त्या साधारण २१. भारतातली त्यात एकही नाही.

मग बाकीच्या गेल्या कुठे? इथे बहुतेक लेख भ्रूणाच्या नैतिक दर्जाच्या वादाकडे वळतात. तो वाद मोठा आहे, पण या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. यादीत यायचे निकष काय होते ते बघा: भ्रूण वंध्यत्व उपचारातून उरलेला असावा, दात्यांची संमती असावी, पैशाचं आमिष नसावं आणि लाइन काढण्याची प्रक्रिया ठरलेल्या वेळेआधी सुरू झालेली असावी. फक्त सुरू! पेशी महिनोन्‌महिने वाढतात का, गोठवून परत काढल्यावर जगतात का, क्रोमोसोम धड आहेत का, यातलं काहीच विचारलेलं नव्हतं. त्यामुळे कित्येक ‘लाइन्स’ कधी लाइन झाल्याच नाहीत. एक तर दात्यानेच मागे घेतली.

म्हणजे नियम होते ते सगळे दारावरचे. आत आल्यावर पेशी वाढवणार कोण, तपासणार कोण, मागणाऱ्याला पाठवणार कोण आणि त्याचा खर्च कोण देणार, याला धोरणात जागाच नव्हती. ज्यांनी कल्चर केलंय त्यांना हे पटकन समजेल. एक चांगली व्हायल पाठवायची तर मागे मोठी बॅच वाढवावी लागते, मायकोप्लाझ्माची टेस्ट, कॅरिओटाइप, सगळं आलं. हे काम करून पेपर होत नाही. मग ते पीएचडीच्या पोराच्या गळ्यात पडतं किंवा पडून राहतं.

विस्कॉन्सिनच्या वायसेलचं उदाहरण घ्या. जेम्स थॉमसन यांच्या १९९८ च्या लाइन्स तिथून मिळत, किंमत ५,००० डॉलर. २००५ मध्ये एनआयएचच्या पैशातून तिथेच राष्ट्रीय स्टेम सेल बँक उभी राहिली आणि दर ५०० डॉलरवर आला. यावरून आधी नफेखोरी चालली होती असं म्हणायचा मोह होतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. वितरणाचा खर्च खराच होता, फक्त तो आता सरकार देऊ लागलं. खरी अडचण पेटंटची होती. पेटंट सांभाळणाऱ्या वॉर्फने संशोधकांना आपापसात पेशी विनामूल्य द्यायला सोपी वाट करून दिली ती जानेवारी २००७ मध्ये, थॉमसनांच्या पेपरनंतर आठ वर्षांनी.

ब्रिटनने उलट्या टोकाकडून सुरुवात केली. तिथे भ्रूणापासून लाइन काढायचा परवाना हवा तर नमुना यूके स्टेम सेल बँकेत जमा करावाच लागतो. मालकी जमा करणाऱ्याकडेच राहते आणि मागणारा प्रत्येक प्रकल्प सुकाणू समितीपुढे जातो, म्हणजे फॉर्म आणि वाट बघणं आलंच. तरी निवडायचं तर मी हेच मॉडेल निवडेन, कारण पेशी तपासणं आणि पाठवणं ही तिथे कुणाची तरी पगारी नोकरी आहे.

आणि ज्या संमतीवर एवढा भर होता, तीही नंतर नीट टिकली नाही. रॉबर्ट स्ट्रायफर यांनी बुश काळातल्या लाइन्सची संमतीपत्रं मिळवून तपासली. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं, की काहींमध्ये गंभीर त्रुटी आहेत. स्टॅनफर्डने त्यातल्या काही लाइन्स वापरणं थांबवलं. त्या लाइन्सवर ज्यांचे थीसिस चालू होते त्यांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हा ‘उपलब्ध’ लिहिण्याआधी बँकेला एक मेल टाका. पॅसेज नंबर किती, शेवटचा कॅरिओटाइप कधी केला, संमती कुठल्या वापरापुरती आहे, हे विचारा. एमटीएचा मसुदाही मागून घ्या. त्यात ‘डेरिव्हेटिव्ह’ची व्याख्या कुठे आहे ते शोधा. तुम्ही दोन वर्षं घालवून एक जीन बदललेली लाइन शेजारच्या लॅबला देऊ शकता की नाही, ते तिथेच ठरलेलं असतं. सही संस्थेची असते, पण मसुदा वाचायला बहुधा तुम्हालाच बसावं लागेल.