भाकरी आणि कोरड्यास

मराठीत सध्या आहारविषयक लेखनाचे पेव फुटले आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून, व्याख्यानांतून आणि लहानमोठ्या पुस्तकांतून माणसाने काय खावे व काय सोडावे याचे धडे दिले जात आहेत. धान्याविषयी या लेखनात दोन मते ठळकपणे दिसतात. एका मताप्रमाणे धान्य हेच मधुमेहाचे आणि लठ्ठपणाचे मूळ आहे, म्हणून पोळी-भात सोडावा. दुसऱ्या मताप्रमाणे गहू-तांदूळ सोडावा आणि ज्वारी-बाजरीकडे परतावे, कारण आपल्या पूर्वजांचे आरोग्य त्यातच होते. मी जिंतूरला महाविद्यालयात साहित्य शिकवतो. त्यामुळे कोणत्याही लेखनाला विचारतो तोच प्रश्न मला याही लेखनाला विचारावासा वाटतो. यात 'तुम्ही' म्हणून ज्याला उद्देशले आहे तो माणूस कोण? आणि 'आपले पूर्वज' म्हणजे नेमके कोणाचे?

'धान्य सोडा' हा सल्ला ज्याला दिला जातो त्याच्या ताटात धान्याखेरीज पुष्कळ काही आहे, हे लेखकाने गृहीत धरलेले असते. पोळी सोडली तर पनीर आहे, बदाम आहेत, कोशिंबीर आहे. जिंतूर तालुक्यात सोयाबीन काढायला उक्ते घेऊन जाणाऱ्या बाईच्या फडक्यातून भाकरी काढली तर मागे मिरचीचा ठेचा उरतो. तिला उद्देशून मराठीत आहारावरचे एकही पान लिहिले जात नाही. मधुमेह मात्र तिला वगळत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेली आहे. हा आजार आता श्रीमंतांचा राहिलेला नाही. तो आमच्या वस्त्यांत येऊन बसला आहे.

दुसऱ्या मताची तपासणी अधिक काळजीने केली पाहिजे, कारण त्यात आमचा गौरव असल्यासारखे वाटते. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून जगभर भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात या धान्यांना 'श्री अन्न' असे नाव देण्यात आले. जोवर ही धान्ये खाणारा माणूस हलका होता, तोवर धान्यही 'भरड' होते. शहरी ताटात गेल्याबरोबर त्यांना 'श्री' लागला. गहू हा मराठवाड्यात सणाचा आणि वाड्यावरचा, ज्वारी मजुराची, अशी धान्यांचीही उतरंड होती. आज ज्वारी पुष्कळदा गव्हाहून महाग मिळते, आणि जो ती पिढ्यान्‌पिढ्या खात आला त्याच्या घरात रेशनचा गहू-तांदूळ शिजतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती. पिशवीत मात्र मुख्यतः गहू आणि तांदूळच पडत राहिला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. माणशी पाच किलो धान्याचा आधार मोठा आहे, त्याने उपासमार टळते, आणि त्याची टवाळी करणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पूर्वजांच्या ज्वारीबद्दल दलित साहित्याने जी साक्ष नोंदवून ठेवली आहे, ती या गौरवपर लेखनात कोठेही येत नाही. दया पवारांच्या १९७८ सालच्या आत्मकथनाचे नावच 'बलुतं' आहे. गावकीची कामे करून खळ्यावर हात पसरून घ्यावयाचा धान्याचा वाटा, हा त्या शब्दाचा अर्थ. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) जनावरांच्या शेणातून वेचलेली ज्वारी धुऊन, वाळवून, दळून तिच्या भाकरी करणारी आजी आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली आणि खडी फोडण्याच्या कामावर सुकडी खाल्ली. माझ्या आजीच्या पिढीला कापणीची मजुरी पायलीने मिळे, आणि ती पायली कोणत्या ज्वारीने भरायची हे मालक ठरवी. ही ज्वारीही 'पूर्वजांचा आहार'च होती. तिच्यात आरोग्य होते असे म्हणणाऱ्याने ती कोणत्या हातातून कोणत्या ओंजळीत पडली हेही सांगितले पाहिजे.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. धान्य वाईट असे शास्त्र म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनानुसार पिष्टमय अन्न मुख्यतः अखंड धान्ये, भाज्या, फळे आणि कडधान्ये यांतून यावे. अखंड म्हणजे कोंडा न काढलेले. या कसोटीला आमची भाकरी उतरते आणि पांढराशुभ्र भात व मैदा उतरत नाही. परंतु हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेली मार्गदर्शक तत्त्वे आणखी एक गोष्ट सांगतात. दिवसभराच्या उष्मांकांपैकी धान्यातून ४५ टक्क्यांहून अधिक येऊ नयेत. प्रत्यक्षात भारतीय माणसाचे ५० ते ७० टक्के उष्मांक धान्यातून येतात, आणि डाळी, मांस, मासे यांचा वाटा असावा त्याहून पुष्कळ कमी आहे. धान्याचा वाटा फुगतो, कारण बाकीचे ताट रिकामे असते.

याचा जुना आणि भीषण पुरावा ज्वारीनेच दिला आहे. दख्खनच्या पठारावर जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग आढळत असे. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून फाटते, जुलाब लागतात, पुढे बुद्धी भ्रमते. १९६० साली हैदराबादच्याच पोषण प्रयोगशाळेतील सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी या रोगाचा ज्वारीतील ल्यूसीन या घटकाशी संबंध दाखविला. जोडीला डाळ, शेंगदाणे, मांस, मासे, अंडी असली तर हा रोग होत नाही. म्हणजे ज्वारी दोषी नव्हती. नुसती ज्वारी खायला लावणारी व्यवस्था दोषी होती.

आमच्या भागात भाकरीबरोबर जे खातात त्याला कोरड्यास म्हणतात. धान्य आरोग्याला हितकारक की अपायकारक या वादाचे उत्तर माझ्या मते या एका शब्दात आहे. दलितांचे कोरड्यास काय होते, हे शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात लिहून ठेवले आहे. मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीवरचे पदार्थ, वाळवलेल्या मांसाच्या चान्या, वजडी, रक्ती, रानातल्या भाज्या हे सारे पाककृतींसह प्रथमच मराठी ग्रंथात आले. जेवणापूर्वीच्या श्लोकातील 'पूर्णब्रह्मा'ला त्यांनी एका अक्षराने दिलेले उत्तर माझ्या दृष्टीने आहारशास्त्रालाही दिलेले उत्तर आहे. सवर्ण आहारशास्त्राने ज्याला तामसी म्हणून नाक मुरडले, त्यानेच नुसत्या भाकरीची उणीव भरून काढली होती.

हे कोरड्यास आज कोणत्या दिशेने चालले आहे? २०१५ साली राष्ट्रपतींची संमती मिळून गोवंश हत्याबंदीचा कायदा राज्यात लागू झाला आणि बैलाचे मांस, गरिबाला परवडणारे मांस, ताटातून गेले. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरविले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी बंद केला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ साली 'परभणी शक्ती' हे लोह व जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण दिले. हे काम मोलाचे आहे. देशातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असे २०१९-२१ ची राष्ट्रीय आरोग्य पाहणी सांगते. तेथे दाण्यातले लोह वाढणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु मांस आणि अंडे काढून घ्यायचे आणि सारी जबाबदारी ज्वारीच्या दाण्यावर टाकायची, याला आहारनीती म्हणता येणार नाही.

येथे आपल्या साहित्यालाही काही विचारले पाहिजे. दलित साहित्याने भाकरीला प्रतीक केले. भूक, अपमान, बंड हे सारे आपण भाकरीतून सांगितले आणि ते सांगणे आवश्यक होते. पण प्रतीक झालेली भाकरी नेहमी एकटीच असते. तिच्या शेजारी काय होते, ते कोणी शिजवले, घरातील बाईच्या वाट्याला त्यातले किती आले, याकडे आपल्या कवितेने आणि समीक्षेने क्वचितच पाहिले. पाटोळ्यांचे पुस्तक यायला २०१५ साल उजाडावे लागले, आणि आलेही तेव्हा ते समीक्षेच्या खात्यात टाकावे की पाककृतींच्या, असा प्रश्न पडावा, यातच आपली मर्यादा दिसते. चान्या उघडपणे लिहिण्याची आपल्यालाच लाज वाटत होती काय, याचे उत्तर आपण आपसांत दिले पाहिजे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळेपाके सोडा असे सांगितले, ते स्वाभिमानासाठी. त्या आदेशाचा अर्थ प्रथिने सोडा असा करून शाकाहाराच्या पंगतीला जाऊन बसणे हे त्या स्वाभिमानाशी जुळणारे नाही.

तेव्हा धान्य आरोग्यदायी आहाराचा भाग आहे काय, याला माझे उत्तर 'होय' असे आहे. भाकरी राहू द्या, कोंड्यासकट राहू द्या. रेशनच्या पिशवीत ज्वारी आणि डाळ दोन्ही येऊ द्या, शाळेतल्या पोराचे अंडे परत द्या. आणि आमच्या लेखकांनी भाकरीइतक्याच निर्भयपणे कोरड्यासाविषयी लिहावे. त्या लेखनाला पाककृती म्हणून बाजूला टाकण्याचा अधिकार कोणत्याही समीक्षकाला नाही.